मॅक्बेथ : दैव, निवड आणि अनिद्रा

विल्यम शेक्सपिअरच्या चार प्रमुख शोकांतिकांपैकी 'मॅक्बेथ' ही सर्वांत आटोपशीर. साधारणतः १६०६ च्या सुमारास ती लिहिली गेली आणि नाटककाराच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ साली निघालेल्या त्याच्या नाट्यसंग्रहात प्रथम छापली गेली. मराठी रसिकाला ती परकी नाही. शिवराम महादेव परांजपे यांनी 'मानाजीराव' या नावाने तिला मराठी वेश चढविला, आणि १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'ने ती आपल्या रंगभूमीवर पुन्हा उभी केली. महाविद्यालयीन अभ्यासक्रमातून तर आपल्या कित्येक पिढ्यांनी ती वाचली आहे.

परंतु या वाचनात एक समजूत फार खोलवर रुजलेली दिसते. 'मॅक्बेथ' हे नियतीचे नाटक आहे, असे विद्यार्थी परीक्षेत लिहितो आणि त्याला त्याचे गुणही मिळतात. चेटकिणींनी भविष्य सांगितले, महत्त्वाकांक्षी पत्नीने भरीस घातले, आणि एका शूर सरदाराचा घात झाला, असा या समजुतीचा मथितार्थ आहे. तो मान्य केला तर खून करणारा हात तेवढा मॅक्बेथचा उरतो. दोष दैवाकडे आणि स्त्रीकडे जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते नाटकाची संहिता या समजुतीला कोठेही आधार देत नाही. उलट प्रत्येक निर्णायक क्षणी मॅक्बेथला समोरचे दोन्ही मार्ग स्वच्छ दिसत असतात, हे दाखविण्यासाठीच शेक्सपिअरने आपली सारी शक्ती खर्च केली आहे. आणि दुसरे असे की, या राजलोभाची किंमत सर्वप्रथम कोण चुकवतो हे पाहायचे असेल तर राजाराणीवरून नजर काढून नाटकातील बिननावाच्या माणसांकडे वळविली पाहिजे. या दोन सूत्रांच्या आधारे नाटकातील प्रमुख पात्रांचा आणि प्रसंगांचा येथे विचार करावयाचा आहे.

इतिहासातून काय गाळले?

नाटकाचे कथानक राफाएल होलिनशेडच्या बखरवजा इतिहासग्रंथावरून घेतलेले आहे. इतिहासातील मॅक्बेथने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे स्कॉटलंडवर राज्य केले. त्याच्या आधीचा राजा डंकन हा वृद्ध नव्हता आणि तो झोपेत नव्हे तर लढाईत मारला गेला. होलिनशेडच्या कथनात डंकन हा दुबळा शासक आहे. त्याने आपल्या अल्पवयीन मुलाला वारस नेमल्यामुळे मॅक्बेथचा सिंहासनावरील हक्क डावलला जातो. राजाला दूर करण्याच्या बेतात बँकोही सामील असतो. आणि गादीवर आल्यानंतर मॅक्बेथ दहा वर्षे न्यायाने राज्य करतो.

शेक्सपिअरने यातील प्रत्येक गोष्ट बदलली. डंकन वृद्ध, सौम्य आणि प्रजावत्सल झाला. बँको कटातून मुक्त झाला. न्याय्य राज्यकारभाराची दहा वर्षे पुसली गेली. झोपलेल्या पाहुण्याच्या खुनाचा तपशील त्याने त्याच ग्रंथातील दुसऱ्या एका राजाच्या, डफच्या, हत्येवरून उचलला. बँकोला निर्दोष ठरविण्यामागे दरबारी कारण होते हे सर्वश्रुत आहे. १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स हा स्वतःला बँकोचा वंशज मानीत असे. परंतु केवळ दरबाराची मर्जी राखण्यासाठी एवढे बदल करण्याची गरज नव्हती. मॅक्बेथला इतिहासाने जेवढ्या म्हणून सबबी दिल्या होत्या तेवढ्या सर्व नाटककाराने काढून घेतल्या, असे या बदलांकडे पाहिल्यावर दिसते. दुबळा राजा नाही, डावललेल्या हक्काची तक्रार नाही, कटातील सोबती नाही. उरते ती केवळ राजपदाची तृष्णा. आपल्याला टोचणी देणारे दुसरे कोणतेही कारण नाही, ही कबुली खुद्द मॅक्बेथच पहिल्या अंकात देतो.

माळरानावरचे भविष्य

तीन चेटकिणी मॅक्बेथला तीन संबोधनांनी हाक मारतात : ग्लॅमिसचा सरदार, कॉडरचा सरदार आणि भावी राजा. पहिले पद त्याच्याकडे आहेच. दुसरे काही क्षणांतच राजाच्या निरोप्यांकडून येते. तिसऱ्याबद्दल चेटकिणी अधिक काहीही बोलत नाहीत. खून कर, असे त्या सांगत नाहीत; डंकनचे नावही त्यांच्या तोंडी येत नाही. खुनाचा विचार मॅक्बेथच्या मनात उगवतो आणि त्या विचाराने त्याचे केस ताठ उभे राहतात. जो विचार बाहेरून आलेला नाही त्याचीच माणसाला एवढी भीती वाटावी, हे लक्षणीय आहे.

येथेच तो स्वतःला दुसरा मार्गही सांगतो. दैवाला मला राजा करावयाचे असेल तर माझ्या हालचालीवाचून दैव ते करील, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. म्हणजे भविष्य खरे मानले तरीही त्यातून खुनाचे कर्तव्य निघत नाही, हे त्याला पुरते कळलेले आहे. जो भविष्यावर खरोखर विश्वास ठेवतो त्याने स्वस्थ बसावयास हवे. मॅक्बेथ स्वस्थ बसत नाही. आणि पुढे बँकोचे वंशज राजे होतील हे त्याच चेटकिणींचे भविष्य खोटे पाडण्यासाठी तो मारेकरी धाडतो. स्वतःला अनुकूल ते भविष्य अटळ आणि प्रतिकूल ते टाळता येण्याजोगे, अशी ही सोयीची श्रद्धा आहे. भविष्याचा आधार घेणाऱ्या सर्वच काळांतील माणसांची श्रद्धा बहुधा अशीच असते.

बँकोचे पात्र या दृष्टीने मोलाचे आहे. तेच माळरान, त्याच चेटकिणी आणि तेवढेच लोभस भविष्य. त्याचे वंशज राजे होणार आहेत. अंधाराची साधने क्षुल्लक बाबतीत खरे सांगून मोठ्या बाबतीत आपला घात करतात, असा इशारा तो तेथल्या तेथे देतो. तो मोहातून सर्वस्वी मुक्त आहे असे नव्हे. दुसऱ्या अंकाच्या आरंभी झोपेत येणाऱ्या दुष्ट विचारांची त्याला धास्ती वाटते, आणि पुढे मॅक्बेथवर संशय येऊनही तो गप्प राहतो. त्या मौनात स्वतःच्या वंशाच्या आशेचा अंश नाही असे म्हणता येत नाही. तथापि मनात आलेला विचार आणि केलेले कृत्य यांच्यामधली रेषा तो ओलांडत नाही. एकाच भविष्यातून दोन माणसे दोन दिशांना जातात. मग कारण भविष्यात कसे असेल?

पुरुषार्थाचा प्रश्न

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश हा नाटकाचा खरा मध्यबिंदू होय. आत मेजवानी चालू आहे आणि मॅक्बेथ एकटा बाहेर येऊन विचार करतो. एका घावात सारे संपणार असेल तर परलोकाची पर्वा करण्याचे कारण नाही, असे तो म्हणतो. पण हिंसेचा धडा देणाऱ्यावर तोच धडा उलटतो, आणि तो याच लोकी उलटतो, हेही त्याला दिसते. डंकन आपला आप्त आहे, राजा आहे, आणि आज पाहुणा आहे. ज्याने मारेकऱ्यासमोर दार लावून घ्यावयाचे त्यानेच सुरी उचलणे किती नीच, हे तो स्वतःच मांडतो. एवढा विचार झाल्यावर तो पत्नीला स्पष्ट सांगतो की हा बेत येथेच थांबवावयाचा.

या घटकेला मॅक्बेथ मुक्त आहे. नाटक येथे संपू शकले असते. ते संपत नाही, कारण लेडी मॅक्बेथ पापपुण्याचा वाद घालतच नाही. ती त्याच्या पुरुषपणावर बोट ठेवते. जे हवे आहे ते घेण्याचे धाडस नसणारा तो भित्रा, हा तिचा युक्तिवाद. माणसाला शोभेल ते सर्व करण्याचे धैर्य माझ्यात आहे, त्याहून अधिक करणारा माणूसच नव्हे, असे उत्तर मॅक्बेथ देतो. हे उत्तर पुरेसे होते. पण क्षणभरातच, बेत फसला तर काय, असा प्रश्न त्याच्या तोंडून निघतो. कृत्य योग्य आहे काय, या प्रश्नाच्या जागी कृत्य साधेल काय, हा प्रश्न आला. मॅक्बेथचे पतन या दोन प्रश्नांच्या दरम्यान झाले आहे. खंजीर पुढच्या प्रवेशात येतो, तो केवळ अंमलबजावणीचा.

लेडी मॅक्बेथला राक्षसीण ठरविणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपले स्त्रीत्व काढून घ्यावे, पश्चात्तापाची वाट बुजवावी, अशी अंधारातील शक्तींची ती आळवणी करते. जे आपल्यात मुळातच नाही ते काढून घ्या असे कोणी विनवीत नाही. खुनाच्या रात्री तिला मद्याचा आधार लागतो. आणि झोपेतला डंकन आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच हे केले असते, असे ती बोलून जाते. तिचा दोष निर्दयपणाचा जेवढा, तेवढाच अज्ञानाचा आहे. उद्या सकाळनंतर काय, हे तिला दिसतच नाही. मॅक्बेथला सारे दिसते आणि तरीही तो ते करतो. म्हणून त्याची जबाबदारी अधिक जड ठरते.

खुनाची रात्र आणि दोन द्वारपाल

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश रंगभूमीच्या इतिहासातील सर्वाधिक भेदक प्रवेशांपैकी एक गणला जातो. खून प्रेक्षकांसमोर होत नाही. समोर येते ती नंतरची कुजबुज, दचकणे आणि अर्धवट तुटणारी वाक्ये. प्रार्थनेच्या शेवटचा एक साधा शब्द आपल्या घशात अडकला, याचेच मॅक्बेथला राहून राहून आश्चर्य वाटते. झोपेचा खून झाला, आता झोप नाही, असे सांगणारा आवाज त्याला ऐकू आलेला आहे. पत्नीला हे सारे बालिश वाटते. थोड्याशा पाण्याने हात स्वच्छ होतील, असे ती म्हणते. तेवढ्यात दारावर थाप पडते. टॉमस डी क्विन्सी याने १८२३ साली या थापेवर एक स्वतंत्र निबंध लिहिला. खुनाच्या क्षणी थांबलेले मानवी जग त्या आवाजाबरोबर पुन्हा चालू होते आणि म्हणून आपण दचकतो, अशी त्याची मांडणी होती. ती आजही पटते.

परंतु समीक्षकांचे लक्ष जेवढे या थापेकडे गेले तेवढे राजाच्या दाराशी झोपलेल्या दोन सेवकांकडे गेले नाही. त्यांना नाव नाही, संवाद नाही. त्यांच्या पेयात गुंगीचे औषध घातले जाते, सुऱ्या त्यांच्याजवळ ठेवल्या जातात, त्यांच्या तोंडाला राजाचे रक्त फासले जाते. सकाळी ते जागे होऊन काही बोलण्याच्या आत मॅक्बेथ त्यांना ठार करतो, आणि राजावरील प्रेमामुळे आपला राग अनावर झाला असे सांगतो. पुढे तिसऱ्या अंकात लेनॉक्स हा सरदार उपरोधाने म्हणतो की ते बरेच झाले. ते जगले असते तर त्यांनी आरोप नाकारला असता आणि ते ऐकून कोणालाही संताप आला असता.

सिंहासनासाठी केलेल्या खुनाचा डाग ज्यांच्या तोंडावर फासता येईल अशी माणसे वाड्यात हवीच असतात, आणि ती नेहमी खालच्या पायरीवर झोपलेली असतात. त्यांनी असे करावे तरी का, हा साधा प्रश्न त्या सकाळी फक्त मॅक्डफ विचारतो. तोही, त्यांना का मारले, एवढ्यापुरताच. राजपुत्र पळून गेल्यावर संशय त्यांच्याकडे वळतो आणि मृत सेवक पैसे घेऊन उलटले असे ठरते. शेवटच्या अंकात मॅक्बेथच्या अपराधांचा हिशेब मांडला जातो, तेव्हाही या दोघांची कोणी आठवण काढीत नाही. या नाटकाचे वाचन करताना ती आठवण वाचकाने ठेवली पाहिजे.

माणसांची प्रतवारी

बँकोच्या खुनासाठी मॅक्बेथ ज्यांना बोलावतो ते धंदेवाईक मारेकरी नव्हेत. दारिद्र्याने आणि दुर्दैवाने गांजलेली ती माणसे आहेत. तुमच्या हालांना बँको कारणीभूत आहे, हे पटवून देण्यासाठी मॅक्बेथने आदल्या दिवशीही त्यांच्याशी बोलणी केलेली आहेत. त्यांपैकी एकजण, आम्हीही माणसेच आहोत, अशा अर्थाचे काही बोलतो. त्यावर मॅक्बेथचे उत्तर ऐकण्याजोगे आहे. यादीत तुम्ही माणसे म्हणून मोडता खरे, असे म्हणून तो कुत्र्यांच्या जातींची नावे मोजू लागतो. शिकारी, पाळीव, राखणदार, भटके, संकरित; सगळ्यांना कुत्राच म्हणतात, पण मोल सांगणारी यादी वेगळी असते. तुम्ही माणसांच्या सर्वांत खालच्या प्रतीचे नसाल तर ते सिद्ध करून दाखवा.

माणसांना जन्माच्या आणि मोलाच्या पायऱ्यांवर बसविणारी भाषा ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे भाषण वाचताना वेगळे भाष्य लागणार नाही. मॅक्बेथ या माणसांना आधी हीन ठरवितो आणि मग खून करून त्यातून वर येण्याची वाट दाखवितो. त्यांना बढती मिळते ती फक्त त्याच्या हत्याराची. जगाने दिलेल्या तडाख्यांमुळे आता काहीही करावयास आपण तयार आहोत, असे ते दोघे सांगतात. आपल्या सत्तेच्या बळावर बँकोला उघड दूर करता आले असते, पण उभयतांच्या मित्रांची मने राखावयाची आहेत म्हणून हे काम तुमच्याकडे दिले, हे मॅक्बेथ त्यांना निःसंकोच सांगतो. पुढे त्यांच्यावरही विश्वास न ठेवता तो तिसरा मारेकरी पाठवितो.

त्यानंतरच्या मेजवानीच्या प्रवेशाची रचना याच सूत्राने पाहावी. प्रवेशाच्या आरंभी राजा सर्वांना आपापल्या दर्जाप्रमाणे बसावयास सांगतो. बँकोचे प्रेत राजाच्याच आसनावर येऊन बसते आणि ते फक्त त्यालाच दिसते. प्रवेशाच्या शेवटी लेडी मॅक्बेथ पाहुण्यांना दर्जाचा क्रम न पाहता ताबडतोब निघून जाण्याची विनंती करते. ज्या श्रेणीच्या शिखरासाठी खून केला ती श्रेणी एका जेवणापुरतीही टिकली नाही. आणि याच प्रवेशात, प्रत्येक सरदाराच्या घरी आपला एक पगारी सेवक हेर म्हणून आहे, असे मॅक्बेथ सांगून टाकतो. राजा झालेल्या माणसाजवळ आता हेरांखेरीज कोणी उरलेले नाही. पत्नीलाही त्याने बँकोच्या खुनाची पूर्वकल्पना दिलेली नव्हती. गुन्ह्यातील भागीदारीने जवळ आलेले हे दांपत्य गुन्ह्यानेच एकमेकांपासून तुटते.

मॅक्डफचे घर

मॅक्डफ इंग्लंडला निघून गेल्याचे कळताच मॅक्बेथ त्याच्या गढीवर मारेकरी धाडतो. या खुनातून त्याला काहीच मिळावयाचे नाही. मनात आले की हाताने ते करावयाचे, असे त्याने ठरविले आहे. पहिल्या अंकातील तो दीर्घ विचार आठवावा. एकेकाळी विचार आणि कृती यांच्यामध्ये एक संपूर्ण स्वगत मावत होते. आता एका श्वासाचेही अंतर उरलेले नाही. माणूस दुष्ट कसा होतो याचे याहून अचूक निरूपण क्वचितच सापडेल. तो एकदम राक्षस होत नाही. विचाराला दिलेली जागा तो हळूहळू कमी करीत जातो.

याच प्रवेशात एक अनोळखी निरोप्या येतो. तो साधा माणूस आहे. आपली ओळख नाही, असे तो स्वतःच सांगतो. मुलांना घेऊन पळून जा, असे मॅक्डफच्या पत्नीला विनवून तो निघून जातो. अधिक थांबण्याचे धैर्य त्याला नाही. त्याचे काही चालत नाही. पुढच्याच क्षणी मारेकरी आत येतात आणि आईच्या डोळ्यांदेखत मुलाला मारतात. पण त्या भयग्रस्त राज्यात, कोणी सांगितले नसता, कोणत्याही लाभाशिवाय, जिवावर उदार होऊन एक माणूस योग्य ते करतो. कोणाच्याही भविष्यात त्याचा उल्लेख नव्हता. मॅक्बेथला निवड नव्हती असे म्हणणाऱ्यांना या बिननावाच्या निरोप्याने केव्हाच उत्तर दिलेले आहे.

ही बातमी इंग्लंडमध्ये मॅक्डफला कळते तेव्हा राजपुत्र मॅल्कम त्याला सांगतो की पुरुषासारखा याचा सामना कर. तसे मी करीनच, पण मला ते माणसासारखे सोसलेही पाहिजे, असे मॅक्डफ उत्तरतो. लेडी मॅक्बेथने पहिल्या अंकात पुरुषपणाची जी व्याख्या केली होती तिला दिलेले हे उत्तर आहे. दुःख होऊ न देणे हा पुरुषार्थ नव्हे. त्याच क्षणी मॅक्डफ स्वतःलाही दोषी धरतो. माझ्यामुळे ती निष्पाप माणसे मेली, असे म्हणतो. नाटकात आपल्या वाट्याचा दोष दैवावर न ढकलणारा हा माणूस आहे, आणि मॅक्बेथचा अंत त्याच्या हातून होतो.

वैद्य, दासी आणि झोप

पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश गद्यात आहे. राणी झोपेत चालते, दिवा सतत जवळ ठेवावयास लावते, आणि न दिसणारे रक्त हातावरून पुसत राहते. थोडे पाणी पुरे असे जिने म्हटले होते तिला आता अरबस्तानातील सारी अत्तरे पुरत नाहीत. हा प्रवेश आपण एका वैद्याच्या आणि एका दासीच्या नजरेने पाहतो. राणी काय बोलली ते दासी साक्षीदाराशिवाय सांगावयास तयार नाही. वैद्याला जे कळले ते उच्चारण्याची भीती वाटते. सत्य ठाऊक असलेले आणि बोलू न शकणारे हे दोघे म्हणजे मॅक्बेथच्या राज्यातील सारी प्रजाच होय.

पुढे मॅक्बेथ त्या वैद्याला विचारतो की आजारी मनावर काही उपाय आहे काय. स्मृतीतून रुतलेले दुःख उपटून काढता येते काय. रोग्याने स्वतःच स्वतःवर उपचार केला पाहिजे, असे वैद्य सांगतो. संतापून मॅक्बेथ औषधविद्या कुत्र्यांपुढे टाकावयास सांगतो आणि चिलखत मागतो. उत्तर खरे होते. ते नाकारले गेले.

येथे पालि वाङ्मय जाणणाऱ्या वाचकाला दुसरा एक राजा आणि दुसरा एक वैद्य आठवल्यावाचून राहणार नाही. मगधाच्या अजातशत्रूने देवदत्ताच्या चिथावणीवरून पिता बिंबिसाराचा घात करून राज्य घेतले. त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती, असे दीघनिकायाची अट्ठकथा सांगते. सामञ्ञफलसुत्तात कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री तो प्रासादाच्या गच्चीवर अमात्यांसह बसला आहे आणि मनाला शांती देईल असा कोणी श्रमण विचारतो आहे. सारे अमात्य नावे सुचवितात. जीवक वैद्य गप्प असतो. राजाने विचारल्यावर तो भगवंतांकडे जाण्यास सुचवितो. आम्रवनात शिरताना राजाला घाम फुटतो. साडेबाराशे भिक्खू असूनही एवढी शांतता आहे, तर हा आपल्याला शत्रूच्या हाती देण्याचा डाव तर नव्हे, असे तो जीवकाला विचारतो. जिथे धोका नाही तिथेही धोका दिसणे हे मॅक्बेथच्या मेजवानीतल्या भयाचेच दुसरे रूप आहे.

भेद पुढे सुरू होतो. अजातशत्रू आपला अपराध स्वतःच्या तोंडाने उच्चारतो. देवदत्ताने मला फसविले, असे तो म्हणत नाही. त्यामुळे त्याचे कृत्य पुसले गेले असेही सुत्त सांगत नाही. तो गेल्यावर तथागत भिक्खूंना म्हणतात की या राजाने स्वतःचा घात करून घेतला आहे. पित्याचा वध केला नसता तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू लाभला असता. क्षमेचा स्वस्त बाजार येथे नाही. मात्र अट्ठकथेनुसार त्या रात्रीपासून त्याला झोप येऊ लागली. दोन्ही राजांजवळ वैद्य होते. एकाने वैद्याचे ऐकले, दुसऱ्याने चिलखत चढविले. मॅक्बेथच्या अखेरच्या अंकात शिक्षा आहे, भय आहे, थकवा आहे. पश्चात्तापाचा एकही शब्द नाही. पत्नीच्या मृत्यूची वार्ता येते तेव्हा जीवन ही अर्थहीन कथा आहे असे तो म्हणतो. हे शेक्सपिअरचे तत्त्वज्ञान म्हणून उद्धृत करण्याची प्रथा आहे. वस्तुतः ते एका माणसाचे निदान आहे. ज्याने आपल्या कृत्यांची जबाबदारी घेतली नाही त्याला जगातच अर्थ दिसेनासा झाला आहे. मान, प्रेम, मित्र यांपैकी वार्धक्यात आपल्या वाट्याला काहीही येणार नाही, हे त्याने काही क्षणांपूर्वीच ओळखलेले असते.

शेवटचा प्रश्न

मॅक्बेथच्या मृत्यूनंतर मॅल्कम त्याला खाटीक आणि राणीला पिशाच ठरवितो. विजेत्याने असे म्हणणे स्वाभाविक आहे; परंतु पाच अंक पाहिलेल्या प्रेक्षकाला ते अपुरे वाटते. तो खाटीकच असता तर शोकांतिका झाली नसती. आपल्यासारखाच विचार करणारा, भिणारा, योग्यायोग्य जाणणारा माणूस जाणूनबुजून चुकीच्या बाजूला गेला, म्हणून आपल्याला दुःख होते. दैवाने ओढून नेलेल्या माणसाबद्दल कीव वाटली असती; हे दुःख वेगळे आहे.

नवा राजा सरदारांना नव्या पदव्या देतो आणि राज्याभिषेकाला बोलावितो. ज्या दोन सेवकांच्या तोंडाला रक्त फासले गेले त्यांच्यावरील कलंक कोणी पुसत नाही. निरोप्याचे पुढे काय झाले ते कोणी विचारीत नाही. पुढच्या वेळी हे नाटक वाचावयास घेऊ किंवा वर्गात शिकवू, तेव्हा चेटकिणींनी काय सांगितले या प्रश्नाइतकाच वेळ या तिघांसाठी राखून ठेवावा, एवढेच प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे सांगणे आहे.